सात नवम्यांचं कार्ड

शरदचंद्र सबनीस माणसावर विश्वास ठेवायचे, नाही असं नाही. पण आधी त्याला उन्हात धरून, उलटापालटा करून बघायचे. देवासच्या बिस्किट फॅक्टरीत वीस वर्षं भट्टीचं पॅनल सांभाळून सांभाळून ही खोड लागली होती.

दोन हजार तीनचा तो मंगळवार. सकाळीच पॅनलमधलं कार्ड गेलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, पण भट्टी किती तापलीय ते मशीनला सांगणारी तीच. बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं. मालकांचा मुलगा यशराज म्हणाला, "काका, उद्या सकाळपर्यंत भट्टी पेटली तर ठीक. नाहीतर हे जुनं सगळं उपटू आणि इंदूरच्या पार्टीची नवी सिस्टिम बसवू. त्यांचेच लोक सांभाळतील. तुम्ही गेटवर आरामात बसा, पास फाडा."

रिटायर व्हायला तीन वर्षं, आणि पास फाडायचे!

खरेदी खात्यातला नीलेश लगेच पुढे झाला. "चला काका, पीथमपूरला जाऊन बघू. गाडी मी काढतो."

इथंच सबनीसांचा कान टवकारला. सख्ख्या सासऱ्याला घ्यायला स्टेशनपर्यंत न जाणारा हा प्राणी, आणि आज पीथमपूर? शिवाय परवा इंदूरच्या त्याच पार्टीच्या माणसाबरोबर हा कचोरी हाणत होता, आणि पैसे देताना ह्याचा हात खिशाकडे वळला नव्हता. सबनीस गाडीत बसले.

पीथमपुरात बंद पडलेल्या कारखान्यांचा माल विकणारे भैयासाहेब होते, मूळचे धारचे. नीलेश मोबाईल कानाला लावून बाहेरच थांबला. सबनीस आत गेले.

"या सबनीससाहेब! अगदी कोरा माल, सीलबंद." भैयासाहेबांनी खोकं पुढे केलं.

आपण कुठून आलो, नाव काय, हे अजून सांगितलंच नव्हतं. सबनीसांनी ते मनात नोंदलं. खोकं उघडलं. कार्ड चकचकीत, पण स्क्रूच्या डोक्यांवर पेचकसाचे ओरखडे.

"वा! टेस्ट करून घेतो," सबनीस निरागस तोंडानं म्हणाले. "सरळ दोनशेतीस व्होल्ट लावतो. जमेल ना?"

चोवीस व्होल्टवर चालणारं कार्ड ते. दोनशेतीस लावले तर धूरच निघणार, हे धंद्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक.

"लावा की! तुमचाच माल," भैयासाहेब हसले. "जळलं तर मात्र जबाबदारी तुमची हां."

मेलेल्याला फाशी द्यायला कोण अडवतंय! सबनीस ओळखून गेले. वायर हातात घेऊन ते गोदामभर फिरले. मागच्या फळीवर, फडक्याखाली, तसंच दुसरं कार्ड. कडेला हळदीकुंकवाचा वाळलेला पोपडा.

"ते राहू द्या. भंगार आहे. कुंकू जाऊन खराब झालंय."

सबनीसांनी नखानं पोपडा खरवडला. एकाखाली एक थर. दर खंडेनवमीला एक. "सात आहेत, भैयासाहेब. म्हणजे सात नवम्या हे चालत होतं. बंद मशीनची कोण पूजा करतंय? तरी म्हणता तर भंगारच असेल. ह्यालाही दोनशेतीस लावून बघू."

"अहो!" भैयासाहेबांनी झडप घालून त्यांचा हात धरला. इतका घट्ट, की बांगडी असती तर पिचली असती.

"कोण अडवतंय तुम्हाला?" सबनीसांनी हळूच विचारलं.

"इंदूरची पार्टी. चालू कार्डं कोणाला द्यायची नाहीत, आम्हीच उचलू म्हणाले. तुमच्या त्या नीलेशभियानंही सकाळी फोन केला होता. सबनीस येतील, खोक्यातलं द्या म्हणून."

"आणि कुंकू कोणाचं?"

भैयासाहेबांनी मान खाली घातली. "माझंच. ह्याच मशीनवर ऑपरेटर होतो मी, कारखाना बंद पडेपर्यंत. लोक पॅनलच्या दाराला लावायचे, मी येडा, आतल्या कार्डालाही लावायचो."

"ते नेऊन फोडतील. मी चालवीन. आठवी नवमी बघायची की नाही ह्याला?"

भैयासाहेबांनी ते कार्ड जुन्या पंच्यात गुंडाळलं. ते सबनीसांच्या डब्याच्या पिशवीत, पोळ्यांवर जाऊन बसलं. आणि चकचकीत कार्डाचं खोकं सबनीसांनी बाहेर येऊन नीलेशच्याच हातात दिलं. "जप बाबा. आपली अब्रू आहे त्यात."

परतताना वाटेत क्षिप्रा गावाला चहासाठी थांबले. नीलेशनं खोकं बॉनेटवर ठेवलं. निघताना ते घसरलं, आणि गाडी मागे घेताना चाकाखाली गेलं. कर्रर्र!

"अरे देवा! काका, सत्यानाश झाला!"

तुकडे अजून रस्त्यावरच पडले होते, आणि नीलेशचा अंगठा मोबाईलवर. "यशराजसरांना सांगून टाकतो. इंदूरवाल्यांना सकाळीच बोलावून घेतील."

"सांग सांग," सबनीस म्हणाले आणि कपाळाला हात लावून बसले. हसू लपवायला तेवढीच जागा होती.

संध्याकाळी पॅनलपाशी यशराज चिडलेलाच उभा होता. सबनीसांनी डब्याची पिशवी उघडली, पंचा सोडला, कार्ड बसवलं. दिवे एकेक करून हिरवे झाले. भट्टीनं घसा खाकरला आणि पेट घेतला.

यशराजनं आधी भट्टीकडे बघितलं, मग नीलेशकडे. "तू तर म्हणालास, गाडीखाली चुरा झाला."

"तो दुसरा माल होता, साहेब," सबनीस म्हणाले. "नीलेशच्या पसंतीचा. कोणी पसंत करून दिला, ते त्यालाच विचारा."

यशराज म्हणाला, "इंदूरवाल्यांना सांगा, येऊ नका. आणि काका, अशी आणखी कार्डं मिळतील?"

"मिळतील की."

"कुठं?"

सबनीसांनी यशराजला खालपासून वरपर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"ते गाडीत बसल्यावर सांगीन. आणि तुमचा मोबाईल तेवढा माझ्या खिशात राहील."