कार्मिनला क्लासची गरज नाही

"डीजे व्हायला शाळा कशाला लागते? कान लागतात!" दहावीतल्या कार्मिनने ताईच्या लग्नाआधीच्या रविवारी भर जेवणात जाहीर करून टाकलं. सगळ्यांच्या नजरा तिच्या आतेभावाकडे, गॉडफ्रेकडे वळल्या. तो बांद्र्याला डीजेचा क्लास करून आला होता आणि तेव्हापासून वसईत गासपासून पापडीपर्यंत त्याच्याशिवाय रिसेप्शन होत नव्हतं.

"क्लासमध्ये गाणी नाही शिकवत गं," तो म्हणाला.

"मग काय शिकवतात? घरात गॉगल घालायला?"

पप्पांना हसता हसता ठसका लागला. कार्मिन आणखी चढली. मामाने मस्कतहून आणलेल्या दोन टेपरेकॉर्डरवर, माळ्यावरच्या खोलीत एकटीने खटपट करून ती गाण्याला गाणं जोडायला शिकली होती. एक गाणं कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं, मैत्रिणींना कळतसुद्धा नसे. शेजारी फक्त वीज कधी जाते याची वाट बघत.

"मर्सीताई, तुझ्या रिसेप्शनला सुरुवातीला मी वाजवणार."

"वाजव," नवरीबाई म्हणाली. "पण गडबड झाली तर गॉडफ्रे बसेल. मग रुसायचं नाही. माझं लग्न एकदाच आहे, बाय."

लग्नाच्या संध्याकाळी केळीच्या वाडीला लागून घातलेला मांडव माणसांनी भरून गेला. टेबलावर भाड्याने आणलेले दोन नवे कोरे सीडी प्लेअर, दोन्हींना गाण्याचा वेग कमीजास्त करायची पट्टी. कार्मिनने पहिलं गाणं लावलं आणि मांडव नाचायला लागला. आपल्या बोटांनी एवढी माणसं हलतात म्हणजे काय! तिला तर उडी मारावीशी वाटली.

मग तिने दुसरं गाणं जोडलं.

दोन्ही ठेके एकमेकांच्या अंगावर कोसळले. कार्मिनने पट्टी हलवली, तर ते आणखी बिघडलं. नवऱ्याच्या काकांबरोबर रंगात आलेल्या क्लेमेंटीन मावशी मध्येच थांबल्या. "अगं बाय, कुठल्या गाण्यावर नाचू? एक काय ते ठरव!" मांडवभर हशा पिकला. कार्मिनने घाईघाईने एक गाणं बंद केलं. स्टेजवरून मर्सीताई बघत होती, आणि गॉडफ्रे उठून टेबलाकडे यायला निघाला होता.

झालं. संपलं.

"उठू का?" तिने विचारलं.

"बस. डावीकडची पट्टी सारखी वर का सरकवतेस?"

"कुठे सरकवते?"

"आत्ता बोट कुठाय तुझं?"

तिने पाहिलं. बोट तिथेच होतं, पट्टी वर ढकलत. आणि तिला माळ्यावरचा डावीकडचा टेप आठवला. त्याची मोटर दमलेली, म्हणून तो कायम जरा मागे राहायचा. त्याची वेगाची पट्टी वर ढकलून त्याला ओढून आणायची सवय हाताला इतकी लागली होती की, गाणी अशीच जोडतात असं तिला वाटत होतं. म्हणजे इतके दिवस ती एका बिघडलेल्या टेपची खोड शिकत होती!

"तुला कसं कळलं?"

"क्लासमध्ये सर पाठीमागे उभे राहायचे. मी कुठलंच गाणं शेवटपर्यंत वाजू द्यायचो नाही. मला वाटायचं, माझी स्टाईल आहे. ते म्हणाले, घाबरतोस तू, लोक कंटाळतील म्हणून. तेवढं एक कळलं तिथे. बाकी सगळं घरी, तुझ्यासारखंच."

माळ्यावर कार्मिनच्या मागे कधी कुणी उभंच नव्हतं. मैत्रिणी समोर बसायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. गाणी तिची तिला आली होती, ते काही खोटं नव्हतं. पण चूकसुद्धा तिची तीच शिकली होती, आणि ती दिसणार कशी? चूक करणारे कान आणि तपासणारे कान एकच.

वाजणारं गाणं संपत आलं. स्टेजवरून ताईने हातानेच विचारलं, काय ते? गॉडफ्रे कार्मिनकडे बघत राहिला. खुर्ची त्याला द्यायची तर हीच वेळ होती.

कार्मिनने पुढचं गाणं हेडफोनमध्ये लावलं, डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने हेडफोनची एक बाजू त्याला कानाशी धरायला दिली.

"तू बाकी कशाला हात लावायचा नाहीस. फक्त ऐकायचं आणि सांगायचं. बरोबर आहे?"

"किंचित पुढे पळतंय."

तिने उजव्या हाताने पट्टी केसभर खाली घेतली.

"आता?"

तो ऐकत राहिला. तीही ऐकत राहिली, आणि या वेळी त्याच्या आधी तिलाच कळलं.

"सोड," तो म्हणाला, तोवर तिने गाणं सोडलंही होतं.