कार्डामागचं नाव

व्हर्न ग्रॅबोस्कीला त्या सकाळी मिळणार होतं ते एवढंच: बेसबॉल कार्डांच्या अल्बमातला शेवटचा रिकामा खिसा भरणार होता, आणि दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जमणाऱ्या आम्हा कार्डवेड्या म्हाताऱ्यांची तोंडं बंद होणार होती. टोलेडोच्या आगारात बसची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेल्या माणसाला हा नफा लहान नव्हता.

म्हणून मिसेस हॅगर्टींच्या गॅरेजसमोर, विकायला मांडलेल्या कपबश्या आणि बर्फाच्या फावड्यांमधून वाट काढत, तो बुटांच्या एका जुन्या खोक्यावर वाकला होता. त्याची मान लाल झाली, तेवढ्यावरून मी ओळखलं. टिलफोर्ड सापडला होता.

बड टिलफोर्ड हा बेसबॉलच्या संघातला राखीव कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा. खेळला कमी, बाकावर बसून शेंगा जास्त खाल्ल्या. पण त्याचा फोटो असलेलं, पोरं जमवायची तसलं कार्ड छापलं मोसमाच्या शेवटी, तेव्हा पोरं फुटबॉलकडे वळली होती. तेव्हा कुणी घेतलं नाही, म्हणून आता मिळत नाही. बिनकामाच्या माणसाला भाव येतो तो असा.

"हे केवढ्याला?" व्हर्नने जांभई देत विचारलं. जांभई खोटी होती.

"रसचं आहे ते," मिसेस हॅगर्टी म्हणाल्या. वय पंच्याऐंशी; डोळ्यांना वस्तूंच्या नुसत्या कडा दिसायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा रस व्हिएतनामच्या युद्धातून परतला नव्हता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. "मागे नाव असेल बघ. दिसेल त्यावर नाव घालायचा कार्टा. बाथरूमच्या दारावरसुद्धा!"

"आहे ना, तोच तर घोटाळा. नाव लिहिलं की कार्डाची किंमत जाते, मिसेस हॅगर्टी."

"हो का? मग काय देशील?"

"पाच डॉलर. आणि असं नाही, कडेला धरा. बोटं उमटतात."

"अगंबाई! फडफड वाजवायला सायकलच्या चाकात अडकवलं नाही त्याने, हेच नशीब समज." त्या हसल्या. "घे. तू जपशील."

गाडीत मी म्हणालो, "लाज नाही वाटली रे?"

"सहा मागितले असते तर सहा दिले असते."

"आणि पाचशे मागितले असते तर?"

"तुझ्याकडून उसने घेतले असते."

जपणं म्हणजे काय, हे आमच्यातल्या माणसाला वेगळंच कळतं. व्हर्नने मऊ खोडरबराने नाव पुसलं. शिसं गेलं, पण पोराने पेन्सिल दाबून लिहिलं होतं. कार्ड उजेडात तिरपं धरलं की खळगे दिसत. मग त्याने वर पातळ कागद ठेवला आणि चमच्याच्या पाठीने ते घासून सपाट केले.

"माझा सूपचा चमचा आहे तो," त्याची बायको ल्युसिल म्हणाली.

गुरुवारी आम्ही भिंगातून पाहिलं. मागची बाजू अशी, की कालच छापखान्यातून आली असावी. आम्ही टाळ्या वाजवल्या.

ऑक्टोबरात मिसेस हॅगर्टींचा फोन आला. त्या वृद्धाश्रमात निघाल्या होत्या.

"ते कार्ड जरा आणशील का रे? परत नको मला. तळघरात पाणी शिरलं तेव्हा रसची पत्रं गेली, आता त्याचं अक्षर कुठेच नाही. दिसणार नाही म्हणा, पण दाबून लिहायचा तो. बोटाला लागेल."

हरवलं म्हणता आलं असतं; पण अर्ध्या गावाला दाखवून झालं होतं. व्हर्न मला सोबत घेऊन गेला.

घर रिकामं झालं होतं. उरलेल्या एका खुर्चीत त्या हात धुऊन, पुसून बसल्या होत्या. व्हर्नने प्लॅस्टिकमधून कार्ड काढून त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं आणि बोट फिरवलं. वरून खाली. मग आडवं. मग पुन्हा वरून.

"हीच बाजू ना?"

"हो. मिसेस हॅगर्टी, मी..."

"थांब रे जरा."

बोट एकेका कोपऱ्यात जाऊन आलं आणि थांबलं.

"बोटंही म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. "डोळे गेले तेव्हा वाटलं होतं, ही तरी राहतील. पण आहे ना नाव तिथे?"

व्हर्नने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

"आहे," तो म्हणाला.

त्यांनी कार्ड परत दिलं, कडेला धरून.

खिसा भरला, संच पूर्ण झाला. तो अल्बम व्हर्नने पुन्हा चर्चच्या तळघरात आणला नाही. टिलफोर्डचे पाच डॉलर त्याने दिले होते. बाकीची किंमत मिसेस हॅगर्टींनी भरली, आणि वर दारापर्यंत येऊन त्याचे आभार मानले.