यादी उलटी लागली

बाईंनी सव्वीस वर्षं शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना मानसशास्त्र शिकवलं, आणि तेवढीच वर्षं वाया जाऊ शकणाऱ्या पोरांवर संशोधन केलं. कागदावर अशा पोरांना 'जोखमीतली मुलं' म्हणतात. कोण जोखमीत हे ठरवायला चाळीस प्रश्नांची प्रश्नावली असते. ती तयार करणाऱ्यांच्या घरातली पोरं ती कधी भरत नाहीत, हा भाग वेगळा.

सोमवारी सकाळी त्यांचा सहायक पडेल चेहऱ्यानं आत आला. प्रत्येक आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत सांगायची खोड, म्हणून सगळे त्याला दशांशच म्हणत.

"बाई, जरा गडबड झालीय."

"किती?"

"शंभर टक्के."

जुन्या प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे जास्त धोका. यंदाच्या नव्या प्रश्नावलीत जास्त गुण म्हणजे पोरगी खंबीर. दशांशनं जुन्या सवयीनं यादी लावली आणि बाईंनी न बघता सही ठोकली. मुलींच्या तंत्रशाळेत गेले सहा महिने तीच यादी चालू होती, शेंड्याला बुडखा आणि बुडख्याला शेंडा.

"तरीच!" बाईंनी कपाळावर हात मारला. "दर बुधवारी यादीतल्या जोखमीतल्या पोरींना बोलावून विचारते, मनात काय सलतंय? आणि त्या मलाच म्हणतात, बाई, तुम्ही थकलेल्या दिसता."

"कुणाला कळणार नाही, बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि खरी मदत हवी त्या पोरींचं काय? त्यांना ठेवायचं का तुझ्या मुठीत?"

पण खरं सांगणं बाईंनाही जड जाणारच होतं, ते 'दांडी'साठी. गेल्या वर्षी ही पोरगी जेमतेम चाळीस दिवस वर्गात दिसली, म्हणून हे नाव. खंबीर पोरींच्या यादीत ती पहिली आली, आणि शाळेनं वेल्डिंग वर्कशॉपच्या चाव्या तिच्या हातात दिल्या. तेव्हापासून सकाळी सातला दार उघडं म्हणजे उघडं. खरं सांगितलं तर चाव्या जाणार, आणि चाव्यांमागोमाग पोरगीही.

तरी बाई तंत्रशाळेत गेल्या. प्राचार्यांनी ती यादी प्लास्टिकमध्ये बंद करून भिंतीवर लावली होती. ऐकताच ते ताडकन उठले.

"म्हणजे सहा महिने वर्कशॉप एका जोखमीच्या हातात?"

"हो. आणि सहा महिन्यांत काय बिघडलं?"

"प्रश्न तो नाही, बाई!"

प्रश्न तोच होता. पण कागदाशी लग्न लागलेल्या माणसाला डोळ्यांसमोरचं दिसत नाही.

दोघं वर्कशॉपमध्ये पोचले, तेव्हा दांडी एका पोरीला हातमोजे न घातल्याबद्दल झापत होती. प्राचार्यांनी हात पुढे केला.

"चाव्या दे."

"का, सर? काय गेलं?"

"काही गेलं नाही."

"मग?"

प्राचार्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "चूक माझी आहे. आम्ही यादी उलटी लावली. आमच्या हिशेबानं शाळा सोडण्याची सगळ्यात जास्त भीती तुझीच होती."

"म्हणजे मी पहिली नव्हते?"

"पहिलीच होतीस. दुसऱ्या टोकाकडून."

दांडी खो खो हसत सुटली. "मी घरी म्हणालेच होते, आई, या लोकांचं काहीतरी चुकलंय!"

"मग बोलली का नाहीस?"

"बाई, जन्मात पहिल्यांदा चूक माझ्या बाजूनं झाली होती. मी कशाला तोंड उघडू?"

मागून वेल्डिंगचे मास्तर पुढे आले. "साहेब, कागद बघून चाव्या दिल्या ते तुम्ही. मी सहा महिने पोरगी बघतोय. घ्यायच्याच असतील तर घ्या, पण उद्यापासून सातला दार उघडायला तुम्ही यायचं."

दहाच्या आधी प्राचार्यांना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, खाकरले.

"तूर्त राहू द्या," म्हणाले आणि निघून गेले.

दांडीनं चाव्या खिशात कोंबल्या. "आता बुधवारी मला तुमच्याकडे यावं लागणार?"

"लागणार. तुला आणि आणखी सात जणींना."

"जमायचं नाही. बुधवारी इथं गेटचं काम असतं. तुम्हीच या, स्टूल देते बसायला." तिनं बाईंच्या पायांकडे बघितलं. "पण बूट घालून या. चपलेवर मी कुणाला आत घेत नाही."