माशांच्या खोलीची खिडकी

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवशी मी तिच्या माशांच्या खोलीत टाक्यांमध्ये पाणी भरत होतो. फोन ठेवला आणि पहिलं काम केलं ते खिडकी बंद करण्याचं. दाराशी तिची शाल टांगलेली होती. तिचा वास बाहेर जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

सहा उघड्या टाक्यांमधल्या पाण्याची वाफ दोन महिने त्या बंद खोलीत साठत राहिली. आता भिंतीला ओल धरली आहे, आणि त्याच भिंतीवर तिने पेन्सिलीने प्रत्येक माशाचं नाव लिहिलं आहे. ‘सासूबाई, नाक मुरडतात.’ ‘जावई, खातो आणि झोपतो.’ काल ‘जावई’ पोपडा होऊन माझ्या हातात आला.

मुलीला फोन केला. बोलता बोलता रडलोच.

“बाबा, टाक्यांवर काचा ठेवा आणि खिडकी उघडा. आई रोज उघडायची.”

“उघडली तर तिचा वास जाईल गं.”

“आधी शाल हुंगून बघा, मग सांगा.”

हुंगली. नुसता बुरशीचा वास होता.

“आला आईचा वास?”

मी शाल परत दाराशी टांगली.

“बाबा, निदान तिचं अक्षर तरी वाचवा.”

आज सहाही टाक्यांवर काचा ठेवल्या, पंखा लावला. हवेतली ओल मोजायचं तिचं मीटर नव्वदवरून पंच्याऐंशीवर आलं आणि तिथेच अडलं. ‘सासूबाईं’खालचा रंगही फुगला आहे. दोनदा कडीला हात लावून मागे फिरलो. खिडकी अजून उघडलेली नाही.