बिनचिठ्ठीची तार

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला भंगारवाल्याची आठवण झाली, तर मला मुळीच राग येणार नाही. मी एक जुना रिले बोर्ड आहे. सहा फूट लांब प्लायवूड आणि त्यावर एकशे चाळीस रिले. रिले म्हणजे विजेवर चालणारा इवलासा खटका. वीज आली की टक्कन मिटतो, गेली की उघडतो. नॉटिंगहॅममधल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत, मॉडेल रेल्वेच्या टेबलाखाली माझा सगळा जन्म गेला. तिला 'खेळण्यातली रेल्वे' म्हटलेलं क्लबच्या मंडळींना अजिबात खपत नसे. आता रागवायला त्यांतलं फारसं कुणी उरलेलं नाही.

मला घडवलं पुरुषोत्तमने. पुण्याहून आलेला हा टेलिफोन इंजिनीअर तेव्हा तिशीत होता. मी त्याला अरेतुरे करतो, कारण आमची ओळख त्याच्या काळ्या केसांपासूनची आहे. एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रं आली, जुने रिले टाकून द्यायचे ठरले, तेव्हा साहेबाची रीतसर परवानगी काढून त्याने ते दोन पिशव्यांत भरले आणि बसने क्लबात आणले. तिथे तो एकटाच हिंदुस्थानी. त्याचं बोलणं लोक दोनदोनदा विचारत, म्हणून तो हळूहळू बोलेनासाच झाला आणि टेबलाखाली शिरला. तिथे मात्र त्याला कुणी दोनदा विचारत नसे.

वर डोंगर, बोगदे, चिमुकली स्टेशनं; खाली मी आणि तारांचं जंजाळ. प्रदर्शनाला आलेली मुलं वरच्या गाड्या पाहून टाळ्या वाजवत. खाली कोण वाकतो? पण मित्रांनो, जगात काही माणसं वाकणारी असतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातही अशीच पोरं होती. तीही मॉडेल रेल्वेच्या टेबलाखाली टेलिफोनचे रिले जोडत बसायची. एखादी अफलातून जोडणी जमली की तिला ती 'हॅक' म्हणायची. पुढे त्यांच्या हाती संगणक लागला आणि तो शब्दही त्यांच्याबरोबर तिकडे गेला. आज हॅकर म्हटलं की तुम्ही पासवर्ड लपवता.

आमच्या क्लबचा एकच कडक नियम होता, आणि तो पुरुषोत्तमनेच घातलेला. प्रत्येक तारेला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. तार कुठून कुठे जाते, का जाते, कुणी जोडली, सगळं त्यावर लिहायचं. ज्या तारेला चिठ्ठी नाही, ती मेलेली समजायची आणि कुणीही खुशाल कापायची. ज्ञान कुणाच्या एकट्याच्या खिशात राहू नये, म्हणून हा नियम.

आणि तो मोडला कुणी? लोका सांगे ब्रह्मज्ञान!

१९८३ सालची गोष्ट. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ होता आणि त्यावर तीन गाड्या सोडल्या की टक्कर ठरलेली. एका रविवारी दुपारी पुरुषोत्तमने माझ्या पोटातून एकच तार अशी काही फिरवली की माझ्या लक्षात राहू लागलं: आत कोणती गाडी गेली आहे, बाहेर कोणती थांबली आहे. तिन्ही गाड्या शहाण्यासारख्या एकमेकींना वाट देऊ लागल्या. डेरेक नावाचा उंच गोरा गृहस्थ, जो एरवी पुरुषोत्तमचं नावसुद्धा धड घेत नसे, चक्क गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "कसं केलंस हे?"

पुरुषोत्तम हसला. "ओळख. हरलो म्हण, मग चिठ्ठी लावतो."

डेरेक हरलो म्हणणारा नव्हता. दर रविवारी चहाचा मग घेऊन तो टेबलाखाली यायचा, तारा चाचपायचा, एक नवा तर्क सांगायचा, आणि पुरुषोत्तम मान हलवायचा. त्यातूनच दोघांची घट्ट मैत्री झाली. तीस वर्षं चालला हा खेळ. मग एका रविवारी डेरेक आला नाही. नंतर कधीच आला नाही. चिठ्ठी राहिली ती राहिलीच.

क्लबची माणसं एकेक करून गेली. पुरुषोत्तम पंचाहत्तरीचा झाला आणि विसरू लागला. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. अशात क्लबात कस्तुरी आली. तीही पुण्याचीच, वर्क व्हिसावर आलेली. हॅकर लोकांना कंपनीच्या संगणकांत शिरू न देणं हे तिचं काम. ती खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. एकेक चिठ्ठी वाचून म्हणायची, "काका, किती क्लीन डॉक्युमेंटेशन आहे हे! आमच्या ऑफिसमध्ये एकालाही असं जमत नाही."

मग बातमी आली की चर्च विकलं. सोमवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. कार्डिफजवळचं एक लहानसं संग्रहालय आम्हाला घ्यायला तयार झालं, पण अट एकच: शनिवारी त्यांच्या माणसासमोर तिन्ही गाड्या तासभर बिनचूक चालल्या पाहिजेत. नाहीतर सगळं स्किपमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या लोखंडी पेटीत.

बुधवारी कस्तुरी मला साफसूफ करायला बसली. पुरुषोत्तम शेजारी खुर्चीवर होता.

"काका, एकतीस वायर्सना टॅगच नाहीत. काय करू?"

"नियम काय आहे आपला?"

"कापायच्या."

"मग विचारतेस काय? काप."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तिने एकतीस तारा कापून काढल्या आणि काळ्या पिशवीत भरल्या. एक गाडी फिरवून पाहिली, ती झकास चालली. एकट्या गाडीला कुणाची आठवण ठेवावी लागते? बाकीची दोन इंजिनं तेलपाण्यासाठी पुरुषोत्तमच्या मुलीच्या, नीनाच्या घरी होती. गुरुवारी सकाळी कौन्सिलची कचऱ्याची गाडी ती पिशवी घेऊन गेली.

शनिवारी तिसऱ्याच मिनिटाला दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. मी टक्कन मिटत होतो आणि लगेच विसरत होतो. कस्तुरी फोनमधले जुने फोटो मोठे करकरून पाहत होती, पण त्यात नुसता करड्या तारांचा जुडगा दिसत होता.

"काका, हे रिले होल्ड कशाने व्हायचे? प्लीज, आठवून बघा ना."

नीना त्याच्यासमोर बसली. तिचा जन्म इथलाच. "बाबा, थिंक. तो वायर कुठे जात होता?"

पुरुषोत्तम वाकून माझ्या तारांवरच्या चिठ्ठ्या चाळू लागला. "चिठ्ठी असेल बघ. मी नेहमी लावतो." मग म्हणाला, "डेरेकला विचारा. हरलो म्हणाला का तो?"

संग्रहालयाचा माणूस भला होता. त्याने चहा घेतला, सगळ्यांचं कौतुक केलं आणि काचेच्या कपाटात ठेवायला वरचं एक चिमुकलं स्टेशन तेवढं मागून नेलं.

सोमवारी मी दारातून निघेना, म्हणून मला करवतीने मधोमध कापलं. कापताना माझ्या पाठीच्या फटीतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी खाली पडली. दोरा ओवलेली, बांधायला तयार. पुरुषोत्तमने ती त्याच रविवारी लिहून तिथे खोचली होती, आणि डेरेकच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये म्हणून मराठीत लिहिली होती. कस्तुरीने वाचली: 'रिले ४७ ते रिले ११२. डेरेक हरला की बांधणे.'

ती चर्चबाहेरच्या कार पार्कात जमिनीवरच बसली आणि रडली. मग उठून नीनाच्या गाडीत बसलेल्या पुरुषोत्तमला तिने ती चिठ्ठी दाखवली. त्याने चष्मा लावला, नीट वाचली.

"वा," तो म्हणाला. "सुरेख जोडलंय. कुणी केलंय गं हे?"

मित्रांनो, मी आता दोन तुकड्यांत स्किपमध्ये आहे, वर कुणाची तरी गादी आहे आणि उद्या लॉरी येणार आहे. माझं काही व्हायचं राहिलेलं नाही. तुमचं मात्र अजून व्हायचं आहे. तुम्हाला जे येतं, त्याची चिठ्ठी आजच बांधा. समोरचा हरलो म्हणेल, याची वाट पाहत बसू नका.