मन्मथचा डावा हात

लातूर उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला आणि आमची पहिली हॉकी टीम स्पर्धेसाठी नांदेडला निघाली. मी वाचनालयातला माणूस, पण सगळे मला मास्तर म्हणतात. मला मॅनेजर का केलं ते अजून नीट कळलेलं नाही. बहुधा मला नाही म्हणता येत नाही म्हणून. हॉकीतलं फार समजतं असंही नाही. पण मन्मथ कुठे चुकतो ते मलासुद्धा दिसत होतं.

मन्मथ आमचा फुलबॅक, उदगीरच्या भुसार दुकानदाराचा मुलगा. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, लिंगायतांनी कधीच अंगावेगळं न करायचं. चेंडू अडवायला वाकला की ती डबी जर्सीतून बाहेर झुलायची आणि त्याचा डावा हात स्टिक सोडून तिच्याकडे जायचा. दुष्काळामुळे मैदानावर पाणी मारलेलं नव्हतं. चेंडू उसळत यायचा आणि एका हातातल्या स्टिकवरून निघून जायचा. पहिल्या सामन्यात असे दोन गोल खाल्ले, कसेबसे बरोबरीत सुटलो.

संध्याकाळी जिल्हा हॉकी संघटनेचे सचिव देविदासराव धर्मशाळेत आले ते आमच्या कोचवर, गुरुपादप्पा अप्पांवर, चिडूनच. "गुरुपादप्पा, उद्या ते पोरगं उतरलं तर पुढच्या साली कोच दुसरा. मॅनेजर, समजवा यांना."

ते गेले आणि मी अडकलो. अप्पांनी कित्येक वर्षं उस्मानाबादच्या टीमचं नुसतं सामान वाहिलं होतं. स्वतःच्या हाताखाली टीम ही पहिलीच.

"अप्पा, सामन्यापुरतं लिंग काढून ठेवायला सांगा ना त्याला."

"अंगावरून उतरव म्हनू? अन् मी?" अप्पांनी स्वतःच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला. माझा चेहरा पडला. असलं आपण बोलायला नको होतं.

"मग त्याला बसवा."

"कामून?"

"चेंडू सुटतो म्हणून!"

"सुटतो, हाव. पन सुटल्यावर मागं पळतं कोन? बाकीचे कमरंवर हात ठिवून बघून राहिले. ह्यो एकटा गोलापुढच्या डीमधी पळत येतो."

"तोवर गोल झालेला असतो, अप्पा."

"एखाद्या दिशी न्हाई व्हायचा."

अप्पांनी सुई-दोरा मागवला आणि स्वतःचा रुमाल मन्मथच्या जर्सीला आतून खिशासारखा शिवला, डबी ठेवायला. टाके गोणपाटाला घालावेत तसे. मन्मथ वाकून उभा राहिला. डबी खिशातच राहिली. मला इतकं हायसं वाटलं की मी दोघांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी पहिलाच चेंडू मन्मथकडे आला. तो वाकला. डावा हात स्टिक सोडून छातीवर गेला. डबी आहे ना, म्हणून खिसा चाचपत होता!

ते नशिबानं निभावलं. शेवटी-शेवटी पुन्हा तसाच चेंडू आला, तसाच हात गेला, समोरच्या टीमचा खेळाडू त्याला ओलांडून गेला. बाकीचे उभे. मन्मथ मात्र वळला आणि अप्पा म्हणाले होते तसा जीव तोडून पळाला. गोलरेषेपाशी त्यानं चेंडू गाठला. दोन्ही हात स्टिकवर! मी उठून उभा राहिलो. चेंडू स्टिकला लागला आणि आमच्याच गोलात गेला.

सामना त्या एका गोलानं गेला. देविदासराव आमच्यासमोरून जीपकडे जाताना थांबले, मन्मथच्या जर्सीवरचे टाके त्यांनी बघितले. "मोकळे झालात अप्पा. आता घरी बसून रुमाल शिवा."

पोरं टेंपोत चढली. अप्पा मात्र मन्मथला घेऊन पुन्हा गोलपाशी गेले.

"अप्पा, निघायचंय!"

"दोन हातानं अडवलं, मास्तर. बघितलं न्हाई का?"

"स्वतःच्या गोलात घातला त्यानं!"

"दोन हातानं घातला."

"तुमची टीम गेली, अप्पा."

"ते देविदासरावानं सांगितलंय. तुमी चेंडू टाका."

मी आयुष्यात चेंडू टाकलेला नव्हता. टाकला तो तिरका कुंपणाकडे गेला. मन्मथ मुकाट्यानं पळत जाऊन घेऊन आला.

"मास्तर, सरळ टाका की!" अप्पा माझ्यावरच खेकसले. "अन् त्या टेंपोवाल्याला जरा थांब म्हना."

दोन्ही एकदम कसं करायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.