आरपीएमच्या काट्याला झटका

बिबवेवाडीच्या पार्किंगमध्ये गाडी गुणगुणत होती, पण इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा शून्यावर डोळे मिटून पडला होता. आमोदने वडिलांच्या जुन्या गाडीत इंजिनाचा नवा कॉम्प्युटर बसवला होता.

"संध्याकाळपर्यंत काटा हलला नाही, तर तुझा कॉम्प्युटर काढायचा आणि माझा कार्बोरेटर परत लावायचा," बाळासाहेब म्हणाले. "मी गिअर काट्याकडे बघून टाकतो, तुझ्या तोंडाकडे बघून नाही."

"बाबा, जुन्या काट्याला ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या जोरदार झटक्यांची सवय आहे. कॉम्प्युटरचा सिग्नल फार हळू. त्याला ऐकूच येत नाही."

"घराण्याचाच दोष तो," आई खिडकीतून म्हणाली. "ओरडल्याशिवाय इथे कोण ऐकतं?"

आमोदने कॉम्प्युटर आणि काट्याच्या मध्ये एका रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची, कॉइल जोडली, म्हणजे प्रत्येक सिग्नलला झटका बसेल. काटा दचकला, थरथरला आणि वाऱ्यावरच्या कणसासारखा डुलत सोळाशेवर उभा राहिला.

आमोदचा चेहरा पडला. लॅपटॉपवर मीटरसाठी चारऐवजी आठ सिलिंडर भरले गेले होते. काटा सगळं दुप्पट दाखवत होता.

"सोळाशे! उभ्या उभ्या!" बाळासाहेबांचा ऊर भरून आला. "पूर्वी जेमतेम आठशे दाखवायची. तरुण झाली रे पोरगी!"

"बाबा, दोन मिनिटं द्या, मी जरा..."

"त्या कॉम्प्युटरला हात लावशील तर बघ!"

आमोदला शेजारी बसवून त्यांनी गाडी रस्त्यावर काढली आणि काट्याकडे बघत भराभर गिअर टाकले. गाडी चौथ्या गिअरमध्ये धापा टाकत निघाली. शेजारून एक सायकलवाला पुढे गेला.

"आमोद, घट्ट धर," बाळासाहेब म्हणाले. "उडतेय!"